वाळूची चार पोती

आमच्या एस्पान्योला गावात कुठल्याही खाणावळीत बसले की वाढणारी मुलगी एकच प्रश्न विचारते: लाल की हिरवी? म्हणजे कुठल्या मिरचीचा रस्सा घालू. माझा भाचा फिदेन्सिओ याने या प्रश्नाचे सरळ उत्तर दिल्याचे मला आठवत नाही. तो म्हणतो, "नाताळ." म्हणजे अर्धी लाल, अर्धी हिरवी. तसे म्हणणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत, पण त्यांना दोन्ही आवडतात. फिदेची गोष्ट वेगळी. एक घेतली तर दुसरीला काय वाटेल, या काळजीने तो दोन्ही मागवतो, आणि मग आधी कुठली खायची यावर अडतो.

कामावर मात्र असे काही नाही. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करतो तिथे एकतीस वर्षे झाली त्याला. चाक न काढता, नुसता आवाज ऐकून तो ब्रेक बदलायचा की नाही ते सांगतो आणि पुढच्या बसकडे वळतो. मी एकदा त्याला विचारले, इथे कसे रे तुला पटकन कळते? तर म्हणाला, "आत्या, बसला कुणाची आठवण नसते."

माझा थोरला भाऊ देल्फिनो, म्हणजे फिदेचा बाप, ९ जानेवारी २०१६ला गेला. घर, शेताचा तुकडा, पाटाच्या पाण्याचा हक्क यांचे त्याने लिहून ठेवले होते. गाडीबद्दल एक अक्षर नव्हते. एकावन्न सालची शेव्हरोले, मागे पाठ उतरत गेलेली, फिकट हिरवी. डोंगरावरच्या प्रयोगशाळेत तो झाडलोट करत असे, त्या पगारातून नवी कोरी घेतलेली. पासष्ट वर्षे ती पत्र्याच्या शेडमध्ये राहिली, रविवारी चर्चमध्ये मिस्साला निघाली, आणि आल्यावर तिला जुन्या फ्लॅनेलने पुसले गेले. किल्ली शेडच्या दारामागे खिळ्याला. देल्फिनो गेला तेव्हाही ती तिथेच होती.

फिदेची मुलगी मार्सेलिना गाड्या रंगवते. दुकानाबाहेर लोक ताटकळत बसतात, इतका तिचा हात चांगला. तिची स्वतःची गाडी बटण दाबले की पुढून उडी मारते आणि दुसरे बटण दाबले की मांजरासारखी जमिनीला पोट लावते. आजोबांच्या गाडीचे काय करायचे, हे तिने अंत्यविधीच्या जेवणावरच सांगून टाकले: जमिनीला टेकेल इतकी खाली बसवायची, चेरीच्या रंगाचे बारा हात द्यायचे, आणि डिकीच्या झाकणावर आजोबांचा चेहरा काढायचा. अशा गाड्यांच्या ज्या क्लबात ती आहे तिथे रीत आहे की ज्या घरातले माणूस गेले, त्या घरची गाडी गुड फ्रायडेला चिमायोच्या देवळाकडे जाणाऱ्या रांगेत सगळ्यांच्या पुढे असते. म्हणजे हातात अडीच महिने.

समोर बसला होता ओनोफ्रे, मार्सेलिनाच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून उभा राहिलेला, फिदेचा शाळेपासूनचा मित्र. त्याच्याकडे एकोणपन्नासचा ट्रक आहे. त्यातला एकेक बोल्ट तेव्हाचा असल्याचे तो कुणी न विचारता सांगतो.

"पोरी, गाडी मूळची एकदाच असते," तो म्हणाला. "एकदा खरवडलीस की संपलं. मग ती तुझी गाडी, देल्फिनोची नाही."

"ओनोफ्रेकाका, तुमचे दात तरी मूळचे आहेत का?"

"दात माझे आहेत, मी काही करीन. गाडी तुझी आहे का?"

सगळ्यांनी फिदेकडे पाहिले. तो म्हणाला, "दोघांचंही बरोबर आहे," आणि आणखी भाकरी आणायला उठला. भाकरी टेबलावर भरपूर होती.

त्याची ओढाताण बाहेरच्या माणसाला कळायची नाही. १९७४च्या ऑगस्टमध्ये फिदे सतरा वर्षांचा होता. सगळी पोरे गाड्या खाली बसवत होती. एका रविवारी देल्फिनो दुसऱ्याच्या गाडीतून मिस्साला गेलेला पाहून याने वेल्डिंगची ज्योत उसनी आणली, पुढच्या स्प्रिंगा लालभडक तापवल्या, आणि गाडी खाली बसली. देल्फिनो आला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि एकच शब्द बोलला: "काढ." स्प्रिंगा काढायला लावल्या, दुसऱ्या घालायला लावल्या. आणि त्या दिवसापासून फिदेने ती गाडी कधी चालवली नाही. बेचाळीस वर्षे. सगळ्या खोऱ्याच्या बसगाड्या चालवून पाहणारा माणूस बापाच्या गाडीत शेजारी बसायचा. शेवटची सहा वर्षे तर देल्फिनोच्या डोळ्यांना दिसेना, तेव्हा त्याने किल्ली मार्सेलिनाला दिली. ती चालवायची, देल्फिनो शेजारी, आणि फिदे मागे.

आता गाडी त्याची. आणि बापाच्या मनाविरुद्ध तिला दुसऱ्यांदा हात लावायचा नाही, एवढेच त्याला ठाऊक होते. पण बापाचे मन म्हणजे काय, हे कुणाला विचारायचे?

फेब्रुवारी असाच गेला. ओनोफ्रे येऊन गेला की फिदे गाडी पुसायला घेई. मार्सेलिना येऊन गेली की रंगाचे नमुने खिडकीत उजेडाला लावून बघे. एके दिवशी त्याने मागच्या मडगार्डवर पॉलिश पेपर घासला, तळहाताएवढा रंग काढला, आणि घाबरून थांबला. त्या जागेवर त्याने बाळ येशूचे चित्र चिकटपट्टीने लावले.

"हे काय?" मी विचारले.

"तोपर्यंत."

"कधीपर्यंत?"

"ठरेपर्यंत, आत्या."

"बापाला दिसू नये म्हणून लावलंस ना?"

त्याने चिकटपट्टीचे एक टोक अंगठ्याने दाबून बसवले. चिकटपट्टी काढताना आणखी रंग निघणार, हे ओनोफ्रेने त्याला दुसऱ्या दिवशी सांगितले. मग ते चित्र काढायची सोयच उरली नाही.

१४ मार्चला, सोमवारी, तो कामावरून थेट माझ्या स्वयंपाकघरात आला. मी गुड फ्रायडेच्या गोड लापशीसाठी मोड आलेल्या गव्हाचे पीठ चाळत होते. त्याने टेबलावर रुमाल उघडला. आत मूठभर वाळू आणि गोणपाटाची चिंधी.

"डिकीतली चटई उचलली, तर कोपऱ्यात ही," तो म्हणाला. "आणि पत्रा मधे दबलाय. आत्या, ही नदीची वाळू आहे. बापाच्या डिकीत नदी कशाला आली?"

मला लगेच आठवले, पण आठवणीवर बोलायची मला सवय नाही. सांता फेच्या शाळेत सिस्टरांनी रोज एक पान लिहायला लावले, ते अजून सुटलेले नाही. चौपन्न सालची वही काढली आणि वाचून दाखवली.

२५ जुलै १९५४, रविवार, संत सान्तियागोचा सण. देल्फिनोने डिकीत वाळूची चार पोती घातली. गाडी मागून इतकी खाली गेली की बसलेल्या कोंबडीसारखी दिसते. आई म्हणाली, हे काय ध्यान? तो म्हणाला, वजनाने गाडी वळणावर धरून चालते. आई म्हणाली, मग मलाही घाल डिकीत. नंतर आम्ही घरच्या चौघांनी चौकाभोवती अकरा फेऱ्या मारल्या, पायी चालणाऱ्यांपेक्षाही हळू. परतताना पुलावर मागचा पत्रा घासला आणि ठिणग्या उडाल्या. देल्फिनो खूष.

फिदेने वही आपल्याकडे ओढली आणि स्वतः वाचली. दोनदा.

"अकरा फेऱ्या?"

"मी मोजल्या होत्या."

"माझ्या बापाने?"

"तेव्हा तो तुझा बाप नव्हता. पंचवीस वर्षांचा होता आणि केसांना तेल चोपडायचा. तू झालास तेव्हा पोती काढली."

तो वाळू बोटाने इकडून तिकडे सारू लागला. मग म्हणाला, "म्हणजे त्याने केलं ते चालतं, आणि मी केलं तर बेचाळीस वर्षं शेजारी बसायचं."

चौऱ्याहत्तरची वही खालच्या खणात होती. ती काढू की नको, हे मला ठरवता येईना. शेवटी काढली, कारण लिहिलेले आहे ते आहे.

१८ ऑगस्ट १९७४, रविवार. देल्फिनो संध्याकाळी आला, जेवला नाही. म्हणाला, पोराने गाडी बसवली त्याचे काही नाही, मीही बसवली होती. पण वाळू काढता येते. याने स्प्रिंग जाळली. जळलेली स्प्रिंग वळणावर तुटते, आणि गाडीत माझेच पोर असणार. मी म्हटले, मग हे त्याला सांग. म्हणाला, सांगेन.

"सांगेन?" फिदे म्हणाला.

"असंच लिहिलंय."

"आणि तू?"

"मला वाटलं त्याने सांगितलं."

नळ टपकत होता, तो मी बंद केला. फिदेसमोर अंड्याच्या वड्या आणि लाल रस्सा ठेवला. गुड फ्रायडेआधीच्या उपवासकाळात आमच्याकडे हेच असते. त्याने ताट पुसून खाल्ले.

"किल्लीचं काही लिहिलंय?" त्याने विचारले.

"नाही."

"मी मागितली नाही, म्हणून दिली नसेल. की दिली नाही म्हणून मी मागितली नाही?"

"मला माहीत नाही, बाळा."

"स्प्रिंग जाळलेली बस मला आज कुणी आणून दिली असती, तर मीही तेच बोललो असतो. काढ म्हणून." दारापर्यंत जाऊन तो परत वळला. "पण मग आता करायचं काय? आधी वाटायचं, बापाला गाडी मूळची हवी होती. आता वाटतं, मूळची म्हणजे कुठली? वाळू घालायच्या आधीची की वाळूची?"

"बापाचं राहू दे. तुला कुठली हवी?"

"तेच तर, आत्या," तो म्हणाला आणि गेला.

पण दुसऱ्या दिवशी त्याने एक काम केले. भंगारवाल्याकडून त्याच बनावटीच्या गाडीचे डिकीचे झाकण आणले आणि मार्सेलिनाच्या दुकानात टेकवून ठेवले. म्हणाला, "यावर काढ काय काढायचं ते. जे काढता येईल, तेच घालायचं." ती आधी रुसली. सगळी गाडी मागितली आणि झाकणावर भागवतोस, म्हणाली. मग नऊ दिवस दुकान बंद ठेवून बसली.

२५ मार्चला सकाळी मी त्यांच्या शेडवर गेले. बापलेकीने नदीवरून चार पोती भरून आणली होती, आणि गाडी मागून त्या कोंबडीसारखी बसली होती. भिंतीला दोन झाकणे टेकवलेली. एक फिकट हिरवे, पासष्ट वर्षांचे. दुसरे चेरीच्या रंगाचे, आणि त्यावर देल्फिनो: टोपी घातलेला, हात सुकाणूवर, शेजारची जागा रिकामी. तोंड मिटलेले. अगदी तसाच.

फिदे दोन्हींच्या मधे पाना घेऊन उभा होता. केव्हापासून, कोण जाणे. मडगार्डवरून बाळ येशू बघत होता.

"रांग दहाला निघते," ओनोफ्रे ट्रकमधून म्हणाला. "पुढच्या वर्षीच्या गुड फ्रायडेला नाही."

"बाबा," मार्सेलिना म्हणाली, "लाल की हिरवी?"

त्याने तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. "नाताळ," तो म्हणाला. "जाताना हिरवी. येताना लाल."

असे आजवर कुणी केलेले नव्हते. लाल झाकण घोंगडीत गुंडाळून ओनोफ्रेच्या ट्रकमध्ये ठेवले. मूळच्या बोल्टांच्या ट्रकात हे असले सामान, असे तो चिमायोपर्यंत बडबडत होता, पण प्रत्येक खड्ड्याला ट्रक जवळजवळ थांबवत होता. देवळाच्या आवारात प्रार्थना झाल्यावर बापलेकीने चार बोल्ट सोडवून झाकण बदलले. रस्त्याकडेला बसलेल्यांनी जाताना एक गाडी पाहिली आणि येताना दुसरी, आणि आमची गाडी वाटेत बंद पडली की काय, असे मला घरी तिघांनी फोन करून विचारले.

मी मागे बसले होते, मार्सेलिना पुढे शेजारी. गाडी फिदे चालवत होता. पुलावर मागचा पत्रा घासला तेव्हा त्याने पाय ब्रेकवर नेला आणि पुन्हा उचलला.

कुठले झाकण ठेवायचे, ते अजून ठरलेले नाही. पोती आहेत, एक कमी केले आहे. मडगार्डवरचे चित्र उन्हाने फिके पडले. ओनोफ्रे म्हणतो, असल्या गाडीला नावच नाही. पण दर रविवारी मिस्साच्या आधी फिदे शेडच्या दारात उभा राहून लेकीला हाक मारतो.

"किल्ली घेऊ का गं?"

"खिळ्याला आहे की, बाबा. तुझीच आहे."

"हो, पण घेऊ का?"

ती हो म्हणेपर्यंत तो हात लावत नाही.