तबकडीबाई आणि चाळीस हजार पुस्तकं

वाचनालयात नोंदणीच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंना पाठीमागे सगळे तबकडीबाई म्हणत. दर शनिवारी त्या चाळीस हजार पुस्तकांची यादी सीडीवर उतरवत, मार्करनं तारीख घालत आणि डब्यात ठेवत. अठरा वर्षं.

नवे ग्रंथपालसाहेब आले ते प्रगती घेऊनच. "बाई, आता सगळं क्लाउडवर जातं. हे भंगार उचला."

बाईंनी डबा घरी नेला. शनिवारचं काम मात्र स्वतःचा जाडजूड, जुना लॅपटॉप वाचनालयात आणून चालूच ठेवलं. यजमानांनी त्यांतल्या काही सीड्या बाल्कनीत टांगल्या. कबुतरं घाबरायची होती. ती त्यांत आपलं रूप न्याहाळत बसली.

एका मंगळवारी वाचनालयाचा कॉम्प्युटर बसला तो कायमचाच. साहेबांनी क्लाउड उघडला. तिथे त्यांच्या सत्काराचे सदतीस फोटो सुखरूप होते. यादी चढवायचं बटण कुणी दाबलंच नव्हतं. हा 'कुणी' कोण, ते विचारायची कुणाची छाती झाली नाही.

"बाई, तुमच्या त्या ऐतिहासिक वस्तू आहेत का अजून?"

बाई घरी गेल्या. सगळ्यात ताजी सीडी बाल्कनीतच लटकत होती, कबुतरांचा अभिप्राय अंगावर घेऊन.

"नवी जास्त चमकते," यजमानांनी खुलासा केला.

बाईंनी ती धुतली, मऊ फडक्यानं मधून कडेकडे पुसली, डब्यातली आधीच्या शनिवारचीही घेतली आणि लॅपटॉपसह वाचनालय गाठलं.

साहेबांनी आपला नवा सडपातळ लॅपटॉप चारही बाजूंनी फिरवून पाहिला. सीडी घालायला फटच नव्हती. बाईंनी आपला उघडला. ट्रे अडकला होता. बारीक भोकात सरळ केलेली पेपरक्लिप खुपसली, तसा तो बाहेर आला. सीडी घरघरली आणि एक्क्याण्णव टक्क्यांवर थांबली. साहेबांनी घाम पुसला.

"चरा पडलाय," म्हणत बाईंनी दुसरी घातली. वीस मिनिटांत यादी परत आली. मधल्या दहा दिवसांच्या नोंदी त्यांनी रजिस्टरवरून टाइप केल्या. कुणी आभार मानले नाहीत, तेव्हा त्या हात धुवायला गेल्या आणि आरशात स्वतःशीच हसल्या.

महिन्याभरानं मुख्य कार्यालयानं साहेबांना यादी जपून ठेवण्याच्या दूरदृष्टीबद्दल प्रशस्तिपत्र दिलं. साहेबांनी त्यावर व्याख्यानही ठेवलं. चमकत्या बाजूवर अंगठा दाबून त्यांनी सीडी उंच धरली.

"साहेब, कडेनं धरा," तिसऱ्या रांगेतून बाई म्हणाल्या. "ठसे उमटतात."

मग कुणीतरी विचारलं, फायली परत आणायच्या कशा? साहेबांनी बाईंकडे पाहिलं. पुढची चाळीस मिनिटं बाई बोलल्या. साहेब पंख्याखाली बसून मान डोलावत राहिले.