डावा गुडघा आणि इतर बाटल्या

दारूपायी स्वतःची वाताहत करून घेतलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. पण थेंबालाही न शिवता दारूपायी दुसऱ्यांची वाताहत करणारा माणूस अख्ख्या ब्रिटनमध्ये मला एकच भेटला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा काका निघाला.

काका कार्डिफच्या हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर होते. रिटायर झाले तरी भूल द्यायची सवय काही गेली नाही. आवाज इतका मऊ आणि संथ की महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आभारप्रदर्शन त्यांच्याकडे आलं, की पुढच्या दोन रांगा माना टाकायच्या. लग्न ठरायच्या आधी मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो, तेव्हा शिक्षण-नोकरी काही न विचारता त्यांनी मला तोंड उघडायला लावलं, मान मागे करून बघितली, आणि सासऱ्यांना म्हणाले, "घशात भुलीची नळी घालायला सोपा आहे." तो त्यांचा होकार होता, हे मला बायकोने नंतर समजावून सांगितलं.

ऑपरेशन झालं की लोक सर्जनचे आभार मानतात. भूल देणारा कोणाला आठवत नाही. काकांचं मात्र उलट. पेशंट झोपेपर्यंत ते त्याचा हात धरून बसायचे, आणि जागा झाला की समोर पुन्हा हेच. त्यामुळे दर ख्रिसमसला त्यांना बाटल्या यायच्या. क्लॅरेट, पोर्ट, शॅम्पेन, व्हिस्की. दिलेलं नाकारणं उद्धटपणाचं, ते दुसऱ्याला देणं त्याहून वाईट, आणि पिण्याचा तर प्रश्नच नाही. मग जिन्याखालच्या कपाटात त्या साठत गेल्या. इतक्या, की केर काढायचा हूव्हर ठेवायला जागा उरली नाही म्हणून काकू तो बेडरूममध्ये ठेवायच्या. पेशंटचं नाव बाहेर सांगायचं नाही हा नियम काकांनी घरातही पाळला, म्हणून बाटल्यांना ऑपरेशनांची नावं पडली. हा डावा गुडघा. ते पित्ताशय. ती मागची हिरवी, दोन हर्निया, सख्खे भाऊ. कपाट उघडलं की पाहुण्याला अख्खा वॉर्ड फिरवून आणल्याशिवाय चहा मिळत नसे.

काकूंनी हे सगळं सोसलं. पण गुडघ्यांना जिना झेपेना, म्हणून त्यांनी घर विकून लहान फ्लॅट घ्यायचं ठरवलं, आणि फ्लॅटमध्ये एक तर बाटल्या येतील नाहीतर मी, असं शांतपणे सांगून टाकलं. कोणीतरी लंडनच्या एका लिलाव कंपनीचं नाव सुचवलं. जुनी वाइन आणि व्हिस्की तिथे चांगली विकली जाते म्हणे. लगेच रीडिंगला, आमच्या घरी, मला फोन. "जावईबापू, तुम्ही कॉम्प्युटरमध्ये आहात, तेव्हा हे तुम्हीच बघा." मी ब्रॅकनेलला बँकेची सॉफ्टवेअर लिहितो, त्याचा आणि लिलावाचा संबंध काय, हे विचारायची सोय नव्हती. काका फक्त काम असलं की 'जावईबापू' म्हणत. एरवी मी 'अरे' होतो.

मग कितीतरी रविवार एम फोर हायवेवर, कार्डिफच्या वाटेवर गेले. कंपनीने बाटल्या बघायला एक तज्ज्ञ बाई पाठवली. तरुण, हसतमुख, कोणाचंही ऐकून घेणारी. तिची मला कीव आली. बाटली कुठून आली, कोणाची होती, हे लिहून घेणं तिचं कामच होतं. काकांनी एकेक बाटली तिच्या हातात देत मऊ आवाजात सांगायला सुरुवात केली: डावा गुडघा, पित्ताशय, आतड्याचा पीळ. तिने आधी लिहून घेतलं, मग लिहायचं थांबवलं, आणि थोड्या वेळाने जांभई दाबली. शेवटी तिने हळूच विचारलं, वाइन उभी आणि व्हिस्की आडवी ठेवायचं कोणी सांगितलं? हवं होतं ते याच्या बरोबर उलट. उभ्या ठेवून वाइनची बुचं सुकली होती, आणि आडव्या ठेवून व्हिस्कीने स्वतःचीच बुचं खाल्ली होती. शिवाय कपाटाला लागून बॉयलर. काका म्हणाले, व्हिस्की जास्त कडक, म्हणून तिला जास्त विश्रांती. ती बाई इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मी मात्र मनातल्या मनात फुकट गेलेले रविवार मोजत होतो.

तरी काही बाटल्या वाचल्या. त्यांत एक व्हिस्की होती. ती कपाटात कधी गेलीच नव्हती. स्वयंपाकघरातल्या फडताळावर वर्षानुवर्षं उभी. ती बनवणारी भट्टी कधीच बंद पडली होती, म्हणून तशी बाटली आता मिळणं मुश्कील. बाईचा चेहरा एकदम गंभीर झाला. ही कोणाची, तिने विचारलं. काका म्हणाले, "ही अशीच." पुढे काहीच नाही. ज्याला ते दोन हर्निया सख्खे भाऊ होते हेसुद्धा सांगितल्याशिवाय राहवत नसे, तो माणूस गप्प बसला याची मला तेव्हा नोंद घ्यायला हवी होती. मी घेतली नाही. एक बाटली कमी ऐकावी लागली, याचाच आनंद झाला होता.

लिलावाच्या दिवशी मी रजा टाकून त्यांना लंडनला नेलं. काकांनी सूट घातला होता. वाटभर सॅटनॅव्हमधल्या बाईला ते रस्ता चुकल्याचं समजावत होते. हॉलमध्ये डावा गुडघा विकला गेला तेव्हा त्यांनी घेणाऱ्याकडे वळून मान डोलावली. पित्ताशय घेणाऱ्याला तर ते उठून भेटायला निघाले होते. मी कोट धरून खाली बसवलं. मग ती व्हिस्की आली. बोली भराभर चढायला लागली. तेवढ्यात काका उभे राहिले.

लिलाव पुकारणाऱ्याने अदबीने विचारलं, "सर, ही तुमची बोली का?"

"नाही," काका म्हणाले. "ही विकायची नाही. माफ करा."

त्यांचा मऊ आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला, आणि या वेळी कोणी पेंगलं नाही. मग धावपळ झाली. ती तज्ज्ञ बाई आली, आम्हाला आतल्या खोलीत नेलं, ऐन लिलावात माल मागे घेतला की काय होतं ते मला समजावून सांगण्यात आलं. बोलणी मी खाल्ली, सह्या काकांनी केल्या. बाटली छातीशी धरून ते गाडीत येऊन बसले.

मी संतापलो होतो. हॅमरस्मिथपर्यंत मी एक शब्द बोललो नाही, आणि मग सगळंच बोललो. त्यांनी ऐकून घेतलं.

"एक खाणकामगार होता," ते म्हणाले. "साधं ऑपरेशन. मी हात धरला, तो झोपला, आणि उठलाच नाही. हृदय बंद पडलं. कोणाचं काही चुकलं नव्हतं, तसं सगळ्यांनी सांगितलं. काही आठवड्यांनी त्याची बायको ही घेऊन आली. म्हणाली, बरा झाल्यावर तुम्हाला द्यायची म्हणून त्याने आधीच आणून ठेवली होती. मग तुमचीच ना ही."

मग मी विचारलं, असं होतं तर विकायला काढलीत कशाला?

"एकटी हीच ठेवली असती, तर हीच का, असं तुझ्या काकूने विचारलं असतं. तिला मी हे कधी सांगितलं नाही." मग म्हणाले, "तिला सांग, हिला गिऱ्हाईक मिळालं नाही."

कार्डिफला पोचल्यावर मी तसं सांगितलं. काकू सामानाच्या खोक्यांच्या मधोमध उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातातून बाटली घेतली, पदराने पुसली. काका आत कपडे बदलायला गेले होते.

"बरं झालं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सगळ्यांच्या गोष्टी सांगतात, हिची कधी सांगितली नाही. म्हणून तर मी ती त्या कपाटात जाऊ दिली नव्हती."

मग त्यांनी स्वतःच्या दोन चांगल्या साड्यांची घडी मोडली, बाटली त्यांत नीट गुंडाळली, आणि फ्लॅटवर न्यायच्या खोक्यात ठेवून दिली. आतून काकांनी मऊ आवाजात विचारलं, चहा होतोय का. काकू म्हणाल्या, "अहो, टाकलाय." टाकला नव्हता. मीच उठून टाकला.