साडूंची सावकाश पायरी

अख्ख्या नगर जिल्ह्याच्या वाट्याला आलेली सबुरी आमच्या एकट्या साडूंनी उचलली आहे, म्हणूनच बाकीचे आपण सिग्नल तोडतो. ते नगरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात. फॉस्फिन नावाचं उग्र वासाचं रसायन क्विनोन नावाच्या पिवळ्या रसायनाला किती वेगाने चिकटतं, हे ते उभा जन्म मोजत आले आहेत. चिकटून पुढे काय होतं, हे त्यांना विचारायची सोय नाही, कारण ते सांगतात. "रेणू भेटतात झटकन, पण ती भेट मोडूही शकते. पुढची सावकाश पायरी पार पडली की मगच जमलं म्हणायचं." क्विनोनने त्यांची बोटं कायमची तपकिरी झाली आहेत आणि मेहुणीने त्यांचा टॉवेल वेगळा टांगला आहे.

सावकाश पायरी शोधण्याची ही खोड प्रयोगशाळेतच राहिली असती तर बरं होतं. एका लग्नात पंगत रखडली, तर हे भरल्या पानावरून उठले आणि वाढप्यांच्या मागे घड्याळ घेऊन उभे राहिले. भात, वरण, जिलबी सगळं वेळेवर येत होतं. मठ्ठ्याला मात्र ओगराळं एकच. त्यांनी तसं आचाऱ्याला सांगितलं. आचाऱ्याने शांतपणे ते ओगराळं त्यांच्याच हातात दिलं, आणि शेवटची पंगत उठेपर्यंत आमचे साडू मठ्ठा वाढत होते.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलीला पाहायला तिसगावची मंडळी आली. मुलगा शिकलेला, नोकरीतला, घर चांगलं. पोहे संपायच्या आत मुलाचे वडील म्हणाले, "आमची पसंती हाय. सुपारी आजच फोडून टाकू." सगळ्यांचे डोळे साडूंकडे. साडूंनी मुलीकडे बराच वेळ पाहिलं, बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "पहिली पायरी झाली. ती उलटीही फिरते. दिवाळीपर्यंत पाहू."

"पावनं, ह्याला व्हकार म्हनायचं का नकार?"

"अजून निरीक्षण चालू आहे."

मंडळी जीपमध्ये बसली ती परत आलीच नाहीत. मेहुणीने अबोला धरला. मीही सुनावलं, "अहो, हातचं स्थळ घालवलंत. पोरी काय बाटलीत ठेवायच्या असतात?"

दिवाळी गेली. परवा गच्चीवर त्यांनी मला हळूच विचारलं, "माझं चुकलं का हो?" आवाज इतका पडला होता की मला गलबलून आलं. मुलगी दोरीवरचे कपडे काढत होती. ती तिथूनच म्हणाली, "बाबा, त्या दिवशी माझं ठरलं नव्हतं. एवढी माणसं बसली होती. कळलं फक्त तुम्हाला."

साडूंनी पुढे होऊन तिच्या हातातले कपडे घेतले आणि उभ्याउभ्याच घड्या घालायला लागले. त्या घड्या तिला पुन्हा घालाव्या लागणार होत्या, इतक्या वेड्यावाकड्या होत्या. पण तिने त्यांना थांबवलं नाही.