लेन्स बदलू का विचारत होतो, आज आईचे फोटो काढले

मंडळी, कॅमेऱ्यासोबत आलेली लेन्स बदलू का, असं मी इथे महिनाभर विचारत होतो. आज सकाळी तुलना करायला मित्राची पन्नास एमएमची लेन्स आणलेली. आमच्या दिवा गावातल्या घरात खिडकीपाशी मेथी निवडत बसलेल्या आईचे दोन्ही लेन्सने फोटो काढले.

लॅपटॉपवर मोठे करून बघितले, तर दोन्हींत तिचे डोळे पिवळे. आधी वाटलं, रंगाचं सेटिंग चुकलं. मग उठून तिच्याकडेच बघितलं.

"आई, कधीपासून गं हे?"

"झाले पंधरा दिवस. अंगाला खाजपण सुटते. तुझं कामाचं चाललेलं, म्हटलं कशाला सांगा."

पंधरा दिवस मी तिच्यासमोर बसून जेवलोय.

डोंबिवलीला नेऊन सोनोग्राफी केली. डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. म्हणाले, स्वादुपिंडात गाठ दिसतेय, उद्याच ठाण्याला मोठ्या डॉक्टरांना दाखवा. त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं, साधी गाठ नाही.

घरी आल्यावर आई म्हणाली, "ते सकाळचे फोटो पुसून टाक रे. आजारी दिसते मी त्यात."

लेन्स मित्राला देऊन आलो, नवी घेणार नाहीये. आईला मी फक्त कावीळ सांगितलीय. तुम्ही असतात तर आजच खरं सांगितलं असतंत का?