बापूमामांचा पोलंडचा खडा

बापूमामा गेल्याची बातमी मला हेडसरांकडून कळली. हेडसर म्हणजे मामांच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, शिरड शहापूरला मामांच्या दोन घरं पलीकडे राहणारे. बातमी सगळ्यांच्या आधी देण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. नितीनचा, म्हणजे मामांच्या मुलाचा, फोन मला यायच्या आत त्यांनी 'युरोप अभ्याससहल' या व्हॉट्सॲप ग्रुपवर मामांचा फोटो, खाली दोन समया आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकून दिलं होतं. मी हिंगोलीला माझ्या स्टेशनरीच्या दुकानात एका गिऱ्हाइकाला भूमितीची पेटी दाखवत होतो. मोबाइल वाजला, पाहिलं, आणि त्या फोटोच्या बरोब्बर वर मला मामांचा शेवटचा मेसेज दिसला. 'कोणी पुन्हा क्राकोला जाणार असल्यास कृपया कळवावे. एक लहान वस्तू पोचवायची आहे. वजन नाही.' त्याला उत्तर म्हणून कोणीतरी एक अंगठा दाखवला होता. बस्स, एवढंच. आणि त्याच्या खाली आता हात जोडलेल्यांची रांग लागली होती… ज्यांना साधं 'जाणार नाही' एवढंही लिहायला वेळ झाला नव्हता, त्या सगळ्यांची.

ती लहान वस्तू म्हणजे एक खडा. त्याची गोष्ट सांगायची तर जरा मागं जावं लागेल. आमच्या नातेवाइकांत मी गप्पिष्ट म्हणून बदनाम आहे, माझं बोलणं लोक निम्मं सोडूनच धरतात. हे मात्र पुरं धरा.

मामांनी शिरडच्या शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवला. दरवर्षी ते पोरांची सहल काढत, आणि वाटेत कुठलंही हुतात्मा स्मारक लागलं की गाडी थांबवत. पोरांना भजी खायची असत, मामा त्यांना दगडावरचं एकेक नाव पाठ करायला लावत. "घरी जाईस्तोर नाव इसरलं तर पुढच्या साली सहल न्हाई," असा दम असे. या नावांच्या नादामागं एक कारण होतं. मामांचा एक चुलता मुक्तिसंग्रामाच्या धामधुमीत नाहीसा झाला, मामांच्या जन्माआधीच. प्रेत सापडलं नाही. प्रेत नाही म्हणून चिता नाही, चिता नाही म्हणून जीवखडा नाही. आमच्याकडे अंत्यविधीला पाण्याचं मडकं ज्या खड्यानं फोडतात, त्यात गेलेल्याचा जीव दहाव्या दिवसापर्यंत राहतो असं धरतात आणि मग तो खडा वाहत्या पाण्यात सोडतात. मामांची आजी मरेपर्यंत म्हणायची, "माझ्या लेकराला कुनी पानी बी सोडलं न्हाई." मामा हे ऐकत वाढले.

निवृत्तीनंतर त्यांनी ठरवलं की आपण ज्या महायुद्धाचे धडे दिले ती जागा डोळ्यांनी पाहायची. पुण्याची एक कंपनी निवृत्त शिक्षकांसाठी खास अभ्याससहल नेत होती. ज्यू लोकांच्या जुन्या वस्त्या, त्यांची प्रार्थनास्थळं, कबरस्तानं, छळछावण्या, युद्धाची स्मारकं… निघायच्या आधी दोन व्याख्यानंही होती. मामांना शुगर, म्हणून मामीनं मला सोबत धाडलं. माझी इतिहासातली लायकी एवढीच की इतिहासाची गाईडं मी विकतो. मी कानटोपी, शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या बांधून घेतल्या आणि विमानात पट्टा लावायचा सोडून खांद्यावरून उपरण्यासारखा घेऊन बसलो. मामा सबंध प्रवासभर व्याख्यानात सांगितलेलं पुटपुटत होते.

ऑश्विट्झच्या छावणीबद्दल मी काही लिहिणार नाही, ती माझ्या ऐपतीबाहेरची गोष्ट आहे. आमच्या लोकांबद्दल मात्र लिहिता येईल. जेवणाची पाकिटं शाकाहारी आहेत की नाहीत यावरून बसमध्ये रण पेटलं होतं. सहलीला आमच्याबरोबर आलेल्या हेडसरांनी फाटकासमोर दोन बोटं वर करून फोटो काढून घेतला आणि तो लगेच ग्रुपवर टाकला. मामा आत एका काचेपाशी उभे राहिले ते हलेचनात. काचेपलीकडे मेलेल्यांच्या बॅगांचा ढीग होता, बॅगांवर पांढऱ्या रंगानं नावं लिहिलेली. माझ्या जिभेला न पेलणारं एक नाव मामा ओठ हलवत पाठ करत होते. बसमध्ये बसल्यावर म्हणाले, "दिगू, घरंच्या घरं गेली रे. पानी सोडायला मागं मानूसच न्हाई."

दुसऱ्या दिवशी क्राको शहरातल्या जुन्या ज्यू कबरस्तानात गेलो. गाईडबाई लहानशा यंत्रात बोलायची, टूरची सायली मागोमाग मराठीत सांगायची, आणि ते आमच्या कानातल्या बोंड्यांत ऐकू यायचं. मामांच्या यंत्राची बॅटरी संपली होती. मी संडास शोधत फिरत होतो, आणि तो सापडल्यावर सुटी नाणी शोधत होतो. तेवढ्यात जे सांगायचं ते सांगून झालं. मी परत आलो तर मामा एका कबरीपुढं उभे, डोळे भरलेले. कबरीच्या दगडावर ओळीनं खडे ठेवलेले. शेजारच्या कबरीवर खडे, पलीकडच्या कबरीवरही खडे.

"दिगू, जीवखडे रे… अजून हितंच पडून हायेत."

जगातल्या दुसऱ्या कुठल्याही गावचा माणूस ही चूक करू शकला नसता. आम्हाला मात्र त्यात चूक दिसायला जागाच नव्हती. खडा आहे, मेलेला माणूस आहे, आणि पाण्यात सोडणारं कोणी उरलेलं नाही. मामांनी एका कबरीवरचे खडे हळूच उचलून कोटाच्या खिशात घातले.

दुपारी मोकळा वेळ होता. नदी जवळच होती. त्या शहरात रस्त्यावर कड्याच्या आकाराचा पाव मिळतो, वर तीळ लावलेले असतात. मामांनी तो विकत घेतला आणि काठावर बसून नखानं तीळ खरवडू लागले. "काळे न्हाईत. पांढऱ्यावर भागवू," म्हणाले. मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्या गार पाण्यात उतरले, दक्षिणेकडे तोंड केलं, आणि एकेक खडा तिळासकट सोडू लागले. "गोत्र म्हाईत न्हाई, नाव वाचता येत न्हाई. पन सुटा बाबांनो." शेवटी आपल्या चुलत्याचं नाव घेतलं, त्याच्या वाटणीला नुसतेच तीळ सोडले. मी काठावर उभा राहून उरलेला पाव खात होतो. मला अगदी भरून आलं होतं, आणि पावही बरा होता.

पुलावरून हेडसर व्हिडिओ काढत होते.

संध्याकाळी बसपाशी त्यांनी तो सायलीला दाखवला, सायलीनं गाईडबाईंना. बाई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या बघत राहिल्या, मग हळू आवाजात काही बोलल्या. सायलीचा चेहरा पडला. सगळी बस ऐकत होती.

"सर, त्या म्हणतात, भेटायला आलेलं माणूस तिथं खडा ठेवून जातं. मी आलो होतो, तुला विसरलो नाही, असा त्याचा अर्थ. ज्यांचं कोणी उरलं नाही, त्यांच्याकडंही कोणी ना कोणी लांबून येतं… तुम्ही आलेल्यांना न आलेलं करून टाकलं सर."

मामांना ते कळायला थोडा वेळ लागला. मग ते घाईघाईनं म्हणाले, "मंग मी दुसरे ठिवतो की. आत्ता जाऊन ठिवतो. कितीबी ठिवतो."

सायलीनं विचारलं. बाईंनी मान हलवली.

"त्या म्हणतात, ते तुमचे होतील. हे त्यांचे होते."

मागून हेडसर म्हणाले, "चला, बसा आता बापूराव. दगडापायी जेवण हुकायचं." बस हसली. दिवसभर मेलेल्या माणसांवर हळहळून दमलेली माणसं होती ती, त्यांना कुठंतरी हसायला हवंच होतं. पहाटे आम्ही पुढच्या गावाला निघालो.

आम्ही गावी पोचायच्या आत तो व्हिडिओ पोचला होता. औंढ्याच्या बाजारापर्यंत मामांचं नाव 'खडेमास्तर' पडलं. ज्या पोरांना त्यांनी नावं पाठ करायला लावली, तीच आता बाप्ये होऊन चहाच्या टपरीवर विचारायची, "काहून सर, आमच्या आज्याचा खडा कवा नेता?" नितीन पुण्यात मोठ्या नोकरीत. त्याच्या कचेरीतही कोणीतरी व्हिडिओ पाहिला. त्यानं फोन केला तेव्हा मी मामांच्या शेजारी होतो. "बाबा, परदेशात जाऊन लोकांच्या कबरी चोरता? माझी काही इज्जत?" मामा "व्हय, व्हय" म्हणत राहिले. त्यानंतर बापलेकाचं बोलणं शुगरच्या गोळ्यांपुरतं उरलं.

आणि मग मामीनं कोट धुवायला काढला. खिशाला भोक होतं, अस्तरात काहीतरी लागलं. अस्तर उसवलं तर आत एक खडा, हरभऱ्याच्या घाट्यापेक्षा थोडा मोठा, पांढुरका.

मामी किंचाळलीच. "मेलेल्या मानसाचा खडा हाय हो ह्यो! घरात काहून आनला?"

मामा मात्र लहान पोरासारखे हरखले. "अगं, येक उरला. येकाचं तरी येनं परत ठिवता येईल!"

मामीनं खडा घरात येऊ दिला नाही. ओसरीच्या बाहेरच्या भिंतीत, पूर्वी कंदील ठेवायचा कोनाडा आहे, तिथं त्याची जागा झाली. मामा रोज सकाळी तो ओल्या फडक्यानं पुसायचे. पुसता पुसता, तो परत पोचवायला काल काय केलं त्याचा हिशोब त्यालाच द्यायचे. कंपनीला पुन्हा नाव नोंदवायला फोन केला, तर तिकडून गोड आवाजात उत्तर आलं, 'सर, तुमच्या बाबतीत आम्हाला विचार करावा लागेल.' विचार काही संपला नाही. नितीनला विचारलं तर वस्तू कोणती हे ऐकायच्या आत तो "कुरिअर करा" म्हणाला आणि फोन ठेवला. पोस्टात गेले तर खिडकीतल्या माणसानं आत काय आहे विचारलं आणि मामांनी खरं सांगितलं. ती गोष्टही दुपारपर्यंत औंढ्याला पोचली. मला म्हणाले, "दिगू, कुनाला हसायचं ते हसू दे. ज्या मानसानं तो ठिवला, त्याला वाटत असंल, मी जाऊन आलो. त्याला काय म्हाईत, तो गेलाच न्हाई म्हनून?" बोलताना ते त्या माणसाची माफी मागत होते, माझ्याकडे बघून.

मार्चमध्ये, गावभर हळद शिजवायचा वास असताना, मामा ओसरीवर फडकं पिळता पिळता खाली बसले ते उठले नाहीत.

नितीन आला. मडकं फोडलं. स्मशानातला एक काळा खडा जीवखडा म्हणून घेतला. आता तो दहाव्यापर्यंत ठेवायचा कुठं? घरात चालत नाही. कोणीतरी म्हणालं, "कोनाडा हाय की, तसल्यासाठीच हाय." गर्दीत दोघेतिघे हसले. असे दोन खडे एका कोनाड्यात आले.

दहाव्याला पूर्णेच्या काठी गेलो. पिंड ठेवले आणि कावळ्यानं जराही आढेवेढे घेतले नाहीत, ठेवता ठेवताच झडप घातली. हेडसर समाधानानं म्हणाले, "बघा, बापूरावांची काही इच्छा उरली नव्हती." गुरुजींनी खडा मागितला. नितीननं सकाळी घाईत कोनाड्यातून उचललेला खडा कनवटीतून काढला, पाण्याकडे पाठ केली, आणि डोक्यावरून मागं भिरकावला. आमचा मुलूख काळ्या दगडाचा. उन्हात उडालेला तो खडा पांढरा होता.

मी "अरे…" म्हणालो. तोवर डुबुक आवाज झाला होता.

मी तसाच धोतरात पाण्यात घुसलो, गुडघाभर, मांडीभर, आणि गाळात हात घालून चाचपत राहिलो. हाताला शेवाळ लागलं, एक नारळ लागला, कोणाची तरी चप्पल लागली. काठावरून कोणीतरी ओरडलं, "भाच्याला बी नाद लागला!" नितीनला काय झालं ते मी बाहेर आल्यावर सांगितलं. तो मुंडण केलेलं डोकं धरून खाली बसला. "तिथं दुसरा खडा आहे हे मला कोणी सांगितलंच नाही," म्हणाला. ते खरं होतं. सांगायला गेलं की तो फोन ठेवायचा.

घरी आलो तर कोनाड्यात काळा खडा तसाच. पोलंडला खडा ठेवून गेलेल्या त्या माणसाचं 'मी आलो होतो' आता पूर्णेच्या गाळात आहे, आणि मामा कोनाड्यात. गुरुजी म्हणाले, आजच्या आज हाही सोडून टाका, जीव अडकून राहतो. नितीन उठला. पण आयुष्यात मेलेल्याच्या खड्याला उंबरा ओलांडू न दिलेली मामी दारात आडवी उभी राहिली. "न्हाई. त्यायला तिकडंच जायाचं हुतं. तिकडंच न्या."

"हो, करू काहीतरी," नितीन म्हणाला आणि तेराव्यानंतर पुण्याला गेला.

मी कंपनीला फोन लावला. मामांचं नाव सांगताच पलीकडे हसू दाबल्याचा आवाज आला. मग ग्रुपवर लिहिलं, 'कोणी पुन्हा क्राकोला जाणार असल्यास कळवावे. एक लहान वस्तू आहे.' हेडसरांचं उत्तर मिनिटात आलं, 'दगडाचा नाद घराण्यातच दिसतो.' त्याखाली अंगठे आले, यावेळी भरपूर.

मागच्या रविवारी शिरडला गेलो होतो. माझा पासपोर्ट मुदत बघायला बाहेर काढलाय, असं मी मामीला सांगितलं. तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मामांचंच फडकं ओलं करून ती कोनाड्यापाशी गेली, काळा खडा उचलून सगळीकडून पुसला, जागेवर ठेवला. आणि मामा सकाळी बाजाराला जायला उशीर करायचे, तेव्हा ती जो आवाज लावायची, त्याच चढ्या आवाजात म्हणाली,

"अजून हितंच का तुमी? निघा की आता… किती वाट बघायची लोकायनी?"