आशागडचा पाऊस आणि माझी वही

धाकटी डहाणूच्या धक्क्यावर एका खांबाला आम्ही पट्टी ठोकली होती, आकडे रंगवलेली. उधाणाची भरती कुठल्या आकड्यापर्यंत चढते ते बघायचं, वहीत लिहायचं आणि संशोधन करणाऱ्या सरांना कळवायचं, एवढंच माझं काम. मी डहाणूत भूगोल शिकवते. सकाळची शाळा सुटली की स्कूटी थेट खाडीवर. अमावास्या-पौर्णिमेला भरती भर दुपारीच येते, त्यामुळे जमायचं.

पाणी किती चढेल ते सरांचं कॉम्प्युटरवरचं मॉडेल आधी सांगायचं. खरंच किती चढलं ते माझी पट्टी सांगायची. दोन्हींतला फरक बघून सर मॉडेल सुधारायचे, आणि त्या अंदाजाचा मेसेज गावातल्या बायकांच्या मोबाइलवर जायचा. दोन वर्षं हे मी एकटीने केलं. गावात मला ‘पट्टीवाल्या बाई’ म्हणायचे. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

तिसऱ्या पावसाळ्यात ती आली. तलासरीच्या एका पाड्यावरची, आशागडच्या शाळेत शिक्षिका. माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान. शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक बसवून ती पाऊस मोजायची. कामाला कितीतरी हात लागतील, असं म्हणून सरांनी तिला ग्रुपमध्ये घेतलं. मी ‘स्वागत’ लिहून हात जोडलेलं चित्र टाकलं.

मॉडेल पावसाळ्यात मधूनमधून चुकायचं. पाणी अंदाजापेक्षा वीतभर जास्त चढायचं. मी दर वेळी कळवायचे, सर म्हणायचे वारा असेल. मलाही ते पटलं होतं. ऑगस्टमधल्या ऑनलाइन मीटिंगमध्ये ती म्हणाली, “सर, एक विचारू? मॅडमनी ज्या दिवशी जास्त पाणी लिहिलंय, त्या प्रत्येक दिवशी सकाळी आमच्याकडे जोरदार पाऊस झालाय. आमच्या ओहोळाचं पाणी खाली खाडीत यायची आणि भरतीची वेळ एकच येत असेल का?”

सरांनी आमच्या दोघींचे आकडे स्क्रीनवर शेजारी-शेजारी लावले. मग म्हणाले, “अरे! हे आधी कुणाच्या लक्षात कसं नाही आलं?”

ते ‘कुणाच्या’ म्हणजे मी. आकडे माझे, उन्हात उभं राहून घेतलेले, आणि शोध तिचा. शिवाय भूगोल मी शिकवते. डोंगराचं पाणी खाडीला मिळतं, हे दर वर्षी मी फळ्यावर काढून दाखवते.

सरांनी मला सांगितलं, “मॅडम, तुमची पहिल्या वर्षाची वही पाठवा. त्या वर्षीचा आशागडचा पाऊस त्यांच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरमध्ये आहे. जुळला, तर मॉडेलमध्ये ओहोळाचं पाणी धरू. आकडे जुळले की निदान मेसेजमध्ये लगेच एक ओळ वाढवू, की सकाळी पाऊस झाला असेल तर पाणी जास्त येईल.”

पहिल्या वर्षी मी सरांना फक्त महिन्याचा गोषवारा पाठवायचे. एकेका भरतीचे आकडे त्या वहीतच होते. वही कपाटात होती, साड्यांच्या खाली. मी म्हणाले, “शोधते सर.”

आठवड्याने त्यांनी पुन्हा विचारलं. मी लिहिलं, ‘घरात रंगकाम चालू आहे, सापडली की देते.’ रंगकाम वगैरे काही नव्हतं. तिचाही फोन आला, “मॅडम, मी येऊ का शोधायला?” मी म्हटलं, नको. तिने माझ्या घरात, माझ्या कपाटापर्यंत यावं, ही कल्पनाच सहन होईना.

सप्टेंबरच्या अमावास्येला जुन्याच मॉडेलचा मेसेज गेला: पाणी खाडीकडच्या घरांच्या पायरीखाली राहील. त्या दिवशी सकाळपासून आभाळ फाटलं होतं. शाळा सुटल्यावर मी धक्क्यावर पोचले तेव्हा पट्टीचा शेवटचा आकडा बुडाला होता. खाडीकडच्या चार घरांत पाणी शिरलं होतं. माणसं सुखरूप होती, पण एका मावशींची सुक्या जवळ्याची पोती भिजून गेली. त्यांच्याच अंगणात बसून मी कितीदा चहा प्यायले होते.

“बाई, मेसेज बघून मी पोती खालीच ठेवली,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

आशागडची ती शिक्षिका आधीच तिथे आलेली होती. साडी खोचून मावशींबरोबर ओटीवर जवळा पसरत होती. म्हणाली, “चूक माझी आहे मावशी. सकाळचा पाऊस बघून मला शंका आली होती. पण पुरावा नसताना सांगायला धीर झाला नाही.”

मला त्या घटकेलाही तिचा हेवाच वाटला. तिला चूक कबूल करणंसुद्धा माझ्यापेक्षा चांगलं जमत होतं, आणि तेही नसलेली चूक.

आम्ही दोघी रस्त्यापर्यंत चालत आलो. रिक्षाची वाट बघताना मी म्हणाले, “वही माझ्याकडेच आहे. पहिल्या दिवसापासून.”

“मला वाटलंच होतं,” ती म्हणाली.

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही मोठ्या. आणि पाड्यावरची मुलगी मॅडमना खोटं ठरवते, असं झालं असतं.” मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “वही आजच पाठवा. सरांना खरं काय ते तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार, आणि झाकणारही नाही.”

रिक्षा आली. ती पुढे बसलेल्या बाईशी वारलीत काहीतरी बोलली आणि निघून गेली.

मी संध्याकाळी प्रत्येक पानाचा फोटो काढून सरांना पाठवला आणि फोनवर सगळं सांगितलं. “जूनचं दुसरं पान नीट दिसत नाहीये,” सर एवढंच म्हणाले. मावशींनाही दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. त्या दिवशी चहा विचारला नाही. पुढे कित्येक महिने विचारला नाही.

वहीतले आकडे पावसाशी जुळले. सरांनी मॉडेलमध्ये ओहोळाचं पाणी धरलं, आणि गेल्या पावसाळ्यात अंदाजातला फरक चार बोटांच्या आत येऊ लागला. एकदा मेसेज वाचून खाडीकडच्या घरांनी सामान वेळेवर माळ्यावर चढवलं, आणि पाणी खरोखरच आलं. मी पट्टीजवळ उभी राहून ते बघत होते. खूप बरं वाटलं.

त्याच आठवड्यात सरांनी पुण्याच्या एका कार्यक्रमात बोलायला तिला बोलावलं. तिने मला तिचं भाषण तपासायला पाठवलं. त्यात माझा उल्लेख पहिल्याच वाक्यात होता. मी शुद्धलेखनाच्या तीन चुका दुरुस्त केल्या. एक चांगलं वाक्य होतं, साधं आणि थेट, माझ्या हातून कधी उतरलं नसतं असं. ते काढून टाकायला सुचवावं, असं मनात आलं. बराच वेळ त्यावर बोट ठेवून बसले, आणि मग तसंच ठेवून परत पाठवलं.