उजवीकडून उघडायचं पुस्तक

आमच्या मेव्हण्याइतका हट्टी माणूस प्रवरेच्या दोन्ही काठांवर दुसरा सापडायचा नाही, आणि त्याच्याइतकी मातीमोल झालेली कलाही. हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. घर अकोले तालुक्यात वरच्या अंगाला डोंगरात, नोकरी संगमनेरात फ्लेक्सच्या दुकानात. दिवसभर पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा छापायच्या आणि उरलेल्या वेळात चित्रकथा काढायच्या, हा त्याचा संसार. लग्नाचा विषय काढला की तो पेन्सिलीला टोक करत बसायचा.

मोबाईलच्या तडा गेलेल्या काचेवर मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचत तो हे शिकला. पण त्याने नक्कल केली नाही. नकलाकार असता तर सुखात राहिला असता. त्याची अशी ठरलेली शैलीच नव्हती, प्रसंग बदलला की रेघ बदलायची. भंडारदऱ्याचं धुकं काढायचं तर टूथब्रशने शाई उडवायचा. भातखाचरातला चिखल थेट अंगठ्याने. म्हैस जाड कुंचल्याच्या एका फटकाऱ्यात बसायची आणि तिच्याशेजारी उभ्या बाईच्या लुगड्याची घडी केसाएवढ्या बारीक रेघेत. भांडण असलं की पानावरच्या सगळ्या रेघा भांडणाऱ्याच्या तोंडाकडे धावत सुटायच्या. एकदा त्याने मला काढलं, तर डोळे बशीएवढे आणि कपाळावर घामाचा टपोरा थेंब. मी विचारलं, "हा मी?" तर म्हणाला, "दाजी, ताई हाक मारती तवा तुमी असंच दिसता." बायकोने ते चित्र कौतुकाने फ्रिजवर चिकटवलं, ते अजून तिथेच आहे.

बाहेर मात्र कोणाला यातलं काही नको होतं. एका पुढाऱ्याच्या फ्लेक्सवर त्याने साहेबांच्या मागे धावत्या रेघा मारल्या आणि डोळ्यांत चांदण्या घातल्या. कार्यकर्ते दुकानात घुसले. "साहेबांना याड लागल्यावानी का दाखवलंय?" मालकाने हात जोडले. याने जोडले नाहीत. "साहेबांच्या डोळ्यात कायच नव्हतं, मी निदान चांदण्या तरी घातल्या," एवढंच बोलला. नोकरी कशी टिकली ते मालकालाच ठाऊक.

त्याचा थोरला भाऊ दुधाचा टेम्पो चालवायचा. एका पहाटे घाटात टेम्पो दरीत गेला, आणि भाऊ परत आला नाही. त्यानंतर हा कितीतरी दिवस नुसता चित्रं काढत राहिला. त्यातून एक पुस्तक झालं. त्यात एकही शब्द नाही. सुरुवातीला भाऊ उंबऱ्यात बसून चहा पितो, तिथे रेघा गोल आणि मऊ. टेम्पो निघतो तशा त्या टोकदार होत जातात. घाटात नुसते ओरखडे, वाळलेल्या शाईवर ब्लेडने ओढलेले. आणि शेवटचं पान कोरं. पुस्तक मांगाच्या रीतीने उजवीकडून उघडायचं, म्हणजे आपलं शेवटचं पान ते त्याचं पहिलं. मी म्हटलं, "अरे, निदान एक बाण तरी छाप." तो म्हणाला, "ज्याला वाचायचंय तो शोधंल."

कोणी शोधलं नाही. सगळ्यांनी सवयीने डावीकडून उघडलं. पुस्तकासाठी त्याचा सत्कार झाला, शाल-नारळ झाला. पाहुणे माईकवर म्हणाले, "कोऱ्या पानातून अंधार, अंधारातून घाट, आणि शेवटी माणूस घरी बसून निवांत चहा पितो. तरुणांनी अशी आशा ठेवली पाहिजे!" टाळ्या पडल्या. मेव्हणा उठला, त्याने पाहुण्यांच्या हातातलं पुस्तक ओढून घेतलं, "उलट्या बाजूनं वाचलंय तुमी," असं माईकवर सांगितलं आणि शाल खुर्चीवर टाकून निघून गेला. लोक त्याला माजलेला म्हणाले. मला मात्र आजही त्या टाळ्यांची चीड येते.

ते पुस्तक त्याने आईपासून लपवून ठेवलं होतं. भाऊ पुन्हा तिच्या डोळ्यांसमोर मरायला नको, एवढंच त्याला वाटत होतं. पण एका दुपारी सासूबाईंना ते त्याच्या पिशवीत सापडलं. मी तिथेच होतो. त्यांनीही डावीकडूनच उघडलं. कोऱ्या पानावरून हात फिरवला, ओरखड्यांपाशी बराच वेळ थांबल्या. मग टेम्पो दरीतून वर आला, वळणं घेत घराशी पोचला, रेघा मऊ झाल्या. शेवटच्या पानावर थोरला उंबऱ्यात, हातात कप.

"लई उशीर केला," सासूबाई म्हणाल्या, "पर आला बघ."

मेव्हणा समोरच उभा होता. मला वाटलं, आता हा पुस्तक हिसकावणार. तो आईजवळ उकिडवा बसला.

"व्हय आई," तो म्हणाला. "आला."

त्यानंतर त्याने नवी चित्रकथा काढलेली नाही. फ्लेक्सवर साहेबांचे डोळे आता जसेच्या तसे येतात. सासूबाई ते पुस्तक अजून उघडतात, कोरं पान हाताळून हाताळून मळलंय. परवा मी त्याला म्हटलं, "पुन्हा छाप की. या वेळी बाण दे, लोक नीट वाचतील."

त्याने बराच वेळ पेन्सिलीला टोक केलं.

"नको, दाजी," तो म्हणाला. "आईला बाण दिसंल."